आईची फाइल मागितली तर म्हणे कोर्टाची ऑर्डर आणा

यावेळचं पत्र राजापूर तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, आणि पत्र चार पानी आहे, म्हणून कामाचं तेवढंच देतो.

"आई ७१ वर्षांची. गेल्या पावसात विहिरीकडे जाताना जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं त्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. घाटावरच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं, रॉड घातला, नवव्या दिवशी घरी आणलं. आता दहा महिने झाले. गेले काही दिवस मांडी ठणकते आणि जुन्या टाक्यांजवळून मधेच पाणी येतं. भाऊ मुंबईला असतो, त्याने तिथल्या डॉक्टरांना मोबाइलवर फोटो दाखवले तर ते म्हणाले ऑपरेशनचे सगळे पेपर घेऊन या, रॉड कुठल्या कंपनीचा आहे तेही बघा. आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आणि एक एक्स-रे. हॉस्पिटलला तीनदा फोन केला, एकदा एसटीने जाऊन आले, अख्खा दिवस गेला. काउंटरवरचा म्हणतो फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी आहे, पाहिजे तर कोर्टाची ऑर्डर आणा. दुसरा म्हणाला पेशंटला स्वतःला घेऊन या. वर आमचे साडेचार हजार बाकी आहेत म्हणतात. आम्हाला कोणावर केसबिस करायची नाही, आमच्या वाडीतले अर्धे लोक त्याच डॉक्टरांकडे जातात. काय करू?"

ताई, पेपरचं बघूच, पण आधी जखमेचं. आत रॉड आहे आणि वरून पाणी येतंय म्हणजे फाइल मिळेपर्यंत थांबायचं हे काम नाही. याच आठवड्यात जवळच्या कुठल्याही हाडाच्या डॉक्टरला दाखवा, उपजिल्हा रुग्णालयात असेल तर तिथे, नाहीतर रत्नागिरीला, नवीन एक्स-रे काढला की अर्धी गोष्ट तिथेच कळते. आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने आणून देऊ नका हो, आपल्याकडे ती सवयच आहे, पण गोळ्या आधी पोटात गेल्या की त्या पाण्याच्या कल्चर टेस्टमध्ये जंतू सापडत नाहीत आणि मग पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो. फाइलचं काम याच्या बाजूने चालू राहू दे.

आता फाइल. कोर्टाची ऑर्डर लागत नाही. खरं तर कोर्टाची ऑर्डर येऊन गेली, तीसेक वर्षांपूर्वीच. मुंबई हायकोर्टाने १९९६ मध्ये सांगितलं की पेशंटने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या कॉपी मागितल्या तर डॉक्टरला आणि हॉस्पिटलला त्या द्याव्या लागतील, त्यात गुप्तता वगैरे काही सांगता येणार नाही, झेरॉक्सचा नेहमीचा खर्च तेवढा घेऊ शकतात. त्या केसमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच पार्टी होतं आणि राज्यातल्या सगळ्या हॉस्पिटलांना तसं सर्क्युलर काढा असं कोर्टाने कौन्सिलला सांगितलं होतं. त्यानंतर २००२ मध्ये डॉक्टरांच्या वर्तणुकीचे देशभराचे नियम आले, त्यात तर तासच मोजून दिलेत, पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं की पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. आणि अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळून ठेवायचं. तुमचे दहाच महिने झालेत, म्हणजे "जुनी फाइल सापडत नाही" हे त्यांना म्हणताच येत नाही. कोणी शहाणा म्हणालाच की ते नियम बदलले, तर २०२३ मध्ये नवे आले होते हे खरं, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि २००२ चेच परत लागू झाले.

"फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी" हे वाक्य मात्र अगदीच खोटं नाही, अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. मूळ कागद हॉस्पिटल स्वतःकडे ठेवतं, ठेवायलाच पाहिजे त्यांना. तुम्ही मूळ मागतच नाही, नक्कल मागताय. एक्स-रेची फिल्म आणि लॅबचे रिपोर्ट ज्यांचे पैसे तुम्ही भरलेत ते मात्र मूळच मागा.

मी अशाच एका रेकॉर्ड रूममध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून काउंटरच्या आतली बाजू सांगतो. पेशंट घरी गेला की फाइल वॉर्डातून बिलिंगला जाते, तिथून रेकॉर्डला. रेकॉर्डचा माणूस पानं चाळतो आणि बघतो की भूलतज्ज्ञाची सही नाही, ऑपरेशन नोट अर्धीच लिहिली आहे, संमतीपत्रावर तारीख नाही. मग ती फाइल परत डॉक्टरच्या टेबलावर जाते आणि तिथे ढिगात पडून राहते. तुम्ही खिडकीत येऊन फाइल मागता तेव्हा आतला माणूस मनात म्हणतो, बाबा रे, फाइल पूर्ण नाही, मला द्यायचा अधिकार नाही, आणि साहेबांना विचारलं तर साहेब म्हणणार कशाला पाहिजे, वकिलाकडे जाणार आहेत का. त्यापेक्षा कोर्टाची ऑर्डर आणा म्हटलं की समोरचा माणूस आपोआप परत जातो. दहातले नऊ जातात हो, मी बघितलंय. त्यात लपवायचं काही असतंच असं नाही, बऱ्याचदा नुसता आळस आणि भीती.

आणि म्हणूनच तुमच्या तीन फोनांचा आणि एका एसटीच्या फेरीचा हिशोब कागदावर शून्य आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही फाइल मागितली होती याचा एकही पुरावा तुमच्याकडे नाही. ७२ तासांचं घड्याळ तुमच्या तोंडी मागणीने सुरू होत नाही असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण उद्या "आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं" म्हणाले तर काय दाखवणार? तेव्हा लेखी अर्ज, दोन प्रती, एक त्यांना आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळसुद्धा, आणि आवक नंबर. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, गप बाहेर या, जवळच्या पोस्टातून तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती ठेवा आणि पोचल्याचं ट्रॅकिंग प्रिंट करून घ्या. हॉस्पिटलचा ईमेल त्यांच्या बिलावर छापलेला असतो, त्यावरही फोटो काढून टाका.

अर्ज कुणाच्या नावाने, हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक तिथेच चुकतात. वर मेडिकल सुपरिंटेंडेंट किंवा हॉस्पिटलचे संचालक लिहा, आणि खाली "प्रत" म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांचं नाव. कारण २००२ चे नियम डॉक्टरला बांधतात, हॉस्पिटल नावाच्या बिल्डिंगला नाही. डॉक्टरचं नाव अर्जावर असलं की तो कागद ढिगातून वर येतो, अनुभव आहे.

मजकूर अगदी साधा ठेवा. मी देतो तसा लिहिलात तरी चालेल:

"मी अमुक, वय ७१, आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते. आयपी नंबर अमुक. पुढील उपचारांसाठी मला माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या नकला हव्या आहेत. त्यात ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोट, इम्प्लांटचे स्टिकर असलेले पान, रोजच्या तपासणीच्या आणि नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, संमतीपत्रे, सर्व लॅब रिपोर्ट, तसेच ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे फिल्म किंवा सीडी यांचा समावेश असावा. नकलांचा योग्य तो खर्च देण्यास मी तयार आहे. वैद्यकीय वर्तणूक नियम २००२ नुसार ही कागदपत्रे ७२ तासांत मिळावीत. माझ्या वतीने माझी मुलगी अमुक यांना कागदपत्रे द्यावीत." खाली आईची सही.

आयपी नंबर, म्हणजे अ‍ॅडमिट होताना पेशंटला मिळतो तो नंबर, डिस्चार्ज कार्डावर उजव्या कोपऱ्यात कुठेतरी असेल, नसेल तर बिलावर बघा. तो नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये फाइल शोधणं म्हणजे गणपतीच्या गर्दीत चुकलेलं पोर शोधणं.

या यादीतलं इम्प्लांटच्या स्टिकरचं पान विसरू नका, तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोलाचं तेच. रॉड आणि प्रत्येक स्क्रू बंद पाकिटातून येतो आणि पाकिटावर छोटे स्टिकर असतात, कंपनीचं नाव, साइज, लॉट नंबर. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर ते सोलते आणि फाइलच्या पानावर चिकटवते, घाईत असेल तर तिरके, कधी एकावर एक. मुंबईचे डॉक्टर कंपनी विचारतायत ते उगाच नाही. उद्या रॉड काढायची वेळ आली तर स्क्रूच्या डोक्याला बऱ्याचदा त्या कंपनीचाच पाना लागतो, रॉड ओढायचं हत्यारसुद्धा वेगळं, आणि ते आधी मागवून ठेवावं लागतं. माहीत नसेल तर टेबलावर आई आणि हातात न बसणारा पाना अशी वेळ येते. आणि हे लक्षात ठेवा, ते चकचकीत स्टिकर झेरॉक्समध्ये बऱ्याचदा काळेकुट्ट येतात, तेव्हा त्या एका पानाचा मोबाइलने रंगीत फोटो तिथल्या तिथे काढून घ्या, उजेडात, झूम करून आकडे वाचता येतात का बघून मगच खिडकी सोडा.

पेशंटला घेऊन या म्हणाले त्याचं. खुब्याचं दुखणं असलेल्या ७१ वर्षांच्या बाईला घाटाची वळणं खायला लावायची काही गरज नाही. आईच्या सहीचं अधिकारपत्र, आईच्या आणि तुमच्या आधारची झेरॉक्स, एवढं पुरतं. सही करता येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टॅम्प पेपर, नोटरी असलं काही नियमात मागितलेलं नाही. पण एक आहे, ओळख न विचारता कोणालाही फाइल देणारं हॉस्पिटल चांगलं नव्हे, तेव्हा आधार मागितला म्हणून चिडू नका.

साडेचार हजारांचं वेगळं धरा. ७२ तासांच्या नियमात "बिल फिटलं असेल तर" असे शब्द नाहीत. बाकीसाठी आधी तपशीलवार बिल मागा, कशाकशाचे ते कळू दे, खरंच देणं असेल तर जमेल तसं देऊन टाका आणि पावती घ्या, पण दोन्हीची गाठ घालू देऊ नका. फाइलच्या अर्जात बिलाचा एक शब्दही लिहू नका. आणि ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर मग बाकी कसली, हे आधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन विचारा.

तीन दिवस झाले आणि काही आलं नाही तर? एक फोन करा, आवक नंबर सांगा. नुसत्या नंबरने आवाज बदलतो समोरच्याचा. नाहीच हललं तर दुसरं पत्र, पहिल्याची झेरॉक्स जोडून, आणि त्याची प्रत ज्यांच्याकडे हॉस्पिटलची नोंदणी आहे त्यांना, म्हणजे हॉस्पिटल महापालिकेच्या हद्दीत असेल तर तिथल्या आरोग्य विभागाला, नाहीतर जिल्हा शल्य चिकित्सकांना. २०२१ मध्ये आपल्या राज्याच्या नर्सिंग होमच्या नियमात दुरुस्ती झाली तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं हॉस्पिटलला सक्तीचं आहे आणि तक्रारी ऐकायची सोयही या नोंदणीवाल्यांनीच ठेवायची आहे. पुढच्या खेपेला गेलात तर भिंतीवर बघा सनद आहे का, बरेचदा कुंडीच्या मागे असते. तिचा फोटो काढला की तुम्ही कशासाठी आलात ते न बोलता कळतं.

त्याच्या वर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबईला. मागूनही ७२ तासांत रेकॉर्ड न देणं ही डॉक्टरची गैरवर्तणूक आहे असं त्याच २००२ च्या नियमात वेगळं कलम आहे. कौन्सिल वेळ लावतं, हे आधीच सांगतो. आणि ग्राहक आयोग आहेच. त्यासाठी तुम्हाला घाट चढायचा नाही, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार करणारा राहतो त्या जिल्ह्यात केस घालता येते, म्हणजे रत्नागिरीलाच. तुम्ही हॉस्पिटलला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी नाही, वकील लागतोच असंही नाही, फक्त २ वर्षांच्या आत जायचं. तुम्हाला जायचं नाही हे कळलं मला. पण तारीख माहीत असलेली बरी.

आणि हो, तुमची खरी अडचण नियमांची नाहीच आहे. "वाडीतले अर्धे लोक त्याच डॉक्टरांकडे जातात" हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. मला समजतं ते. आपल्याकडे हाडाचा डॉक्टर म्हणजे चार तालुक्यांत दोन-तीन, त्यातला एक नाराज झाला तर उद्या काकाचा हात मोडला की कुठे जायचं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही हेच केलं, संकोचाने गप्प बसलो, आणि बायपासच्या आधीची अँजिओग्राफी दुसऱ्यांदा करावी लागली, पैसे गेले ते गेलेच, म्हाताऱ्या माणसाला परत टोचून घ्यावं लागलं. फाइल मागणं म्हणजे तक्रार नव्हे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं तर पेपर लागतात, आणि हे डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तेसुद्धा बाहेरून आलेल्या पेशंटकडे पहिल्यांदा मागचे पेपर आहेत का असंच विचारतात. तुम्हाला बोलवत नसेल तर भावाला सांगा, मुंबईच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या की पुढच्या उपचारासाठी ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटची माहिती हवी. ती चिठ्ठी अर्जाला जोडा. डॉक्टरने डॉक्टरला मागितलं की साहेबांच्या मनातला वकील निघून जातो. माझं मत विचाराल तर आधी हाच रस्ता, बाकीचे सगळे नंतर.

हे सगळं खासगी हॉस्पिटलचं झालं. ओरोस, रत्नागिरी सिव्हिल किंवा खाली सिंधुदुर्गातले लोक जातात ते बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, अशा सरकारी ठिकाणी आधी असाच अर्ज द्या, नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर, जिवाशी संबंधित असेल तर ४८ तासांत. स्वतःची फाइल मागताना कशाला पाहिजे हे लिहायची गरज नाही.

पेपर हातात आले की पानं मोजा, प्रत्येक पानावर नंबर आणि हॉस्पिटलचा शिक्का आहे ना बघा, आणि घरी आणलेत की माळ्यावर टाकू नका. आपल्या पावसात जुलैपर्यंत कागदाला बुरशी धरते, एक्स-रे एकमेकांना चिकटतात, वाळवीचं तर बोलूच नका. ईसीजीची पट्टी तर कुठेही ठेवा, तिचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, दोन-चार वर्षांत नुसती गुलाबी पट्टी उरते, तिची आत्ताच झेरॉक्स काढा. सगळ्याचा स्कॅन करून भावाच्या ईमेलला एक, तुमच्या मोबाइलमध्ये एक. कोणीतरी सांगेल आभा कार्ड, म्हणजे सरकारचं ते डिजिटल हेल्थ कार्ड, काढलंय ना, त्यात सगळं असतं. त्या १४ आकडी नंबराने जुनी फाइल आपोआप येत नाही, हॉस्पिटलने जोडली तरच दिसते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

मुंबईला जाताना मूळ एक्स-रे आणि ते स्टिकरचं पान मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा, फिल्म घडी न घालता पुठ्ठ्यात. अर्ज देऊन आलात की शिक्का असलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा, आईचं नाव आणि आधार नंबर झाकून. चौथ्या दिवशी काय झालं तेही कळवा, पुढचं पत्र लागलं तर मी लिहून देईन.